क्वेकर्स हिलचे गुरव

सिडनीत भाड्याने घर बघायला गेलं की पहिला प्रश्न कुत्र्या-मांजराचा असतो. आमच्या घरमालकांनीही तोच विचारला. मी आणि नवरा एका सुरात म्हणालो, "नाही, नाही, काहीच नाही." आम्हाला वाटलं, झालं काम. मालकांचा मात्र चेहरा पडला.

"एकही कुत्रा नाही?"

"नाही."

"मग पाळा एखादा. घाई नाही. अंगण मोठं आहे."

घर मिळालं. घर म्हणजे क्वेकर्स हिलमधल्या त्यांच्या बंगल्याच्या मागच्या अंगणातली दोन खोल्यांची ग्रॅनी फ्लॅट. कुत्रा आम्ही पाळला नाही. पण दर तीन महिन्यांनी मालक घर तपासायला आले की ते नळ बघायचे नाहीत, भिंती बघायचे नाहीत, सोफ्याखाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही वाटतं."

उंच, काटकुळे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कान एवढे मोठे की पॅरामॅटा स्टेशनवर जोराचा वारा असला की उडून जायच्या भीतीने ते ट्रेनमधून उतरणार नाहीत, असं माझा नवरा म्हणायचा. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जाताना टाय लावायचे. इथल्या रेल्वेत सिग्नलचं काम करून रिटायर झालेले, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. मूळचे स्कॉटलंडचे. तिथल्या डोंगरातलं एक मेंढपाळांचं गाव, शंभरभर उंबरे, आणि टेकाडावर एक दगडी चर्च. बोलायला लागले की कुठूनही सुरुवात झाली तरी पाच मिनिटांत त्या चर्चच्या दारात पोचायचे. गटारात केस अडकले म्हणून मी तक्रार घेऊन गेले, तर चर्चच्या गटारात एकदा मेंढी कशी अडकली होती ते ऐकून परत आले. गटार तसंच.

कुत्र्याचा उलगडाही तिथेच होता. त्यांच्या लहानपणी मेंढपाळ रविवारी कुत्र्यांसकट चर्चमध्ये यायचे. कुत्री बाकांखाली पडून राहायची. पण शेवटी पाद्री आशीर्वाद द्यायला लागला आणि लोक उभे राहिले, की कुत्र्यांना वाटायचं, सुटलो. मग भुंकणं, पळापळ, आशीर्वाद वाहून जायचा. म्हणून गावाने ठरवलं, आशीर्वाद बसूनच घ्यायचा. कुत्र्यांना संपल्याचं कळू द्यायचं नाही.

"कुत्र्यांना कळू द्यायचं नाही" हे त्यांचं जीवनसूत्र होतं. ते कधीच कुणाचा निरोप घ्यायचे नाहीत. आमच्याकडे चहाला यायचे, बोलता बोलता मी साखर आणायला आत वळायचे, परत येते तो खुर्ची रिकामी. फोनही वाक्याच्या मध्येच ठेवायचे. रेल्वेतल्या स्वतःच्या निरोप समारंभातून ते सूप आणि भाषण यांच्या मधल्या वेळात निघून गेले होते, आणि भेटीचं घड्याळ त्यांना दुसऱ्या दिवशी पोस्टाने आलं. त्या घड्याळाचा तसाही उपयोग नव्हता. वेळ ते पेपरमिंटच्या गोळ्यांत मोजायचे. त्यांच्या गावी प्रवचन सुरू झालं की सगळी मंडळी एकेक पांढरी गोळी गालात सारायची. चांगलं प्रवचन दोन गोळ्यांचं, लांबलेलं तीन गोळ्यांचं, चारावर गेलं तर पाद्रीची बदली. आम्ही विचारलं, इथून पॅरामॅटाला ट्रेनने किती वेळ लागतो, तर म्हणाले, सव्वादोन. पुढे मीही माझ्या मॅनेजरच्या मीटिंगा गोळ्यांत मोजायला लागले. एक सहा गोळ्यांची झाली होती.

त्यांना खऱ्या अर्थाने ओळखलं ते माझ्या सासूबाईंनी. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आल्या आणि महिन्याभरात साथ आली, बॉर्डर बंद झाल्या, विमानं बंद झाली. सासूबाई अडकल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मालकांचं इंग्रजी इतकं जाड होतं की माझ्या नवऱ्यालाही निम्मंच कळायचं. पण अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या फिरत्या छत्रीच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला त्या, मध्ये माझे पंजाबी ड्रेस, असे दोघं तासन्‌तास बोलायचे. ते इंग्रजीत, त्या मराठीत. मी कामावरून डोकं वर काढून खिडकीतून विचारायचे, "आई, काय बोलताय?"

"अगं, यांचे वडील देवळात होते," त्यांनी एकदा सांगितलं. म्हणजे चर्चमध्ये.

आणि ते खरं होतं. मालकांचे वडील त्या चर्चचे 'बीडल' होते. ते काय असतं हे मी मालकांना विचारून आईंना सांगितलं. सकाळी उठून चर्च झाडायचं, शेगडी पेटवायची, बाहेरच्या भिंतीवरून लोंबणारी दोरी ओढून घंटा वाजवायची. मग मोठं बायबल छातीशी धरून पाद्रीच्या पुढे आत यायचं, ते वर नेऊन ठेवायचं, पाद्री जिना चढून व्यासपीठात गेला की त्याच्यामागे छोट्या दाराची कडी लावायची आणि प्रवचन संपल्यावरच काढायची. शिवाय थडगी खणायची, आणि गावात कुणाचं कुणाशी पटत नाही ते ध्यानात ठेवून माणसं बसवायची.

"म्हणजे गुरवच की," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं माहेर वाईजवळचं, वडील देवस्थानचे पंच. देवळातलं राजकारण त्यांनी दुधाबरोबर प्यायलेलं. गुरव म्हणजे काय हे मी मालकांना समजावलं. देवळाचा मान पुजाऱ्यापेक्षा ज्याला जास्त कळतो आणि जो झाडूही मारतो, असा माणूस. त्यांना तो शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवशी पोस्टमनला सांगत होते, "मी गुरव आहे, मेट." कौन्सिलमधून फोनवर कसलीशी पाहणी चालली होती, तिथे व्यवसाय म्हणून तेच सांगितलं आणि स्पेलिंगही दिलं.

खरं म्हणजे गुरवपण त्यांनी नाकारलं होतं. वडिलांची इच्छा होती, मोठ्याने हे काम घ्यावं. हे चोविसाव्या वर्षी बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला आले, दोन वर्षांत परततो म्हणून. मागे राहिला तीन वर्षांनी धाकटा भाऊ. त्याने वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, मेंढ्या सांभाळल्या, पण बीडल तोही झाला नाही. पन्नासहून जास्त वर्षं दोघा भावांचं बोलणं नव्हतं. मालकांना विचारलं की म्हणायचे, "तो जरा मनात ठेवणारा आहे," आणि एक गोष्ट सांगायचे. चर्चच्या भिंतीला साखळीने एक लोखंडी कडं अडकवलेलं होतं. जुन्या काळी शिवीगाळ करणाऱ्याच्या, चहाड्या करणाऱ्याच्या गळ्यात ते घालून त्याला रविवारी सगळ्यांसमोर उभं करायचे. ह्यांनी नऊ वर्षांचे असताना धाकट्याची मान त्यात घातली. ती निघेना. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून हे आत प्रार्थनेला गेले. "नंतर विसरलो," असं ते म्हणायचे आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई हसायच्या नाहीत. "पोराची मान," एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षीचा मोठा लॉकडाऊन आला तेव्हा आमच्या भागाला सगळ्यात कडक नियम होते. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, बाहेर पडलं की मास्क. त्याच सुमाराला मालकांना गावाहून पत्र आलं, की चर्चची प्रार्थना आता व्हिडिओ कॉलवर होते. त्यांचं नाव पन्नास वर्षं सभासदांच्या वहीत तसंच होतं, कुणी खोडलंच नव्हतं. ते लॅपटॉप घेऊन आमच्या पॅटिओवर आले, कारण त्यांच्या घरातलं इंटरनेट पावसात बंद पडायचं आणि ऊन असलं की हळू चालायचं.

"लॅस," ते मला म्हणाले, म्हणजे पोरी, "तू कॉम्प्युटरवाली आहेस. मला आत सोड."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तेव्हापासून मी स्कॉटलंडमधल्या एका चर्चची टेक सपोर्टही झाले. तिथले रविवारचे अकरा म्हणजे आमचे संध्याकाळचे आठ. जुलैच्या थंडीत मालक काळा कोट आणि टाय घालून पॅटिओवर बसायचे, पायांवर ब्लॅंकेट. जाळीच्या दाराच्या अलीकडे, आत, सासूबाई शाल घेऊन. मध्ये नियमाप्रमाणे दीड मीटर.

पाद्री तरुण होता, त्याच्या गळ्यात सहा गावांची सहा चर्चं आणि एक तान्हं बाळ. माणसांना कॉलमध्ये आत घेणं, माइक बंद-चालू करणं, हे कुणीतरी करेल का, असं त्याने पहिल्याच रविवारी विचारलं. मालकांनी हात वर केला. बिचारा पाद्री आभार मानत होता.

पुढच्या रविवारी मालक पावणेआठला हजर. मंडळी बाहेर ताटकळत होती. "कोण कुठे बसतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडून पडद्यावरचे चौकोन एकेक करून लावून घेतले. डावीकडे शाळेच्या बाजूची घरं, उजवीकडे नदीच्या बाजूची. अर्धशतकापूर्वीची व्यवस्था. त्यातले निम्मे लोक मेलेले, बाकीच्यांची लग्नं होऊन बाजू बदललेल्या. एका बाईंनी ठणकावून सांगितलं की त्या नदीच्या बाजूला बसणार नाहीत, त्यांच्या आईचं तिथल्यांशी शालीवरून भांडण होतं. मालकांनी लगेच त्यांना हलवलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "हे पाद्रीला माहीत नसतं," म्हणाले.

सगळ्यात खाली एका चौकोनात फक्त छत दिसायचं. लाकडी तुळई आणि एक बल्ब. ते धाकटे बंधू. त्यांनी फोन टेबलावर आडवा ठेवलेला असायचा. आले की कधी बोलायचे नाहीत, गेले की कळायचं नाही. मालक त्या छताकडे बघायचे नाहीत, पण आले की नाही ते मला हळूच विचारायचे.

तिसऱ्या रविवारी पाद्रीचं प्रवचन लांबलं. मालकांनी तिसरी गोळी संपवली, माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय शांतपणे पाद्रीचा माइक बंद केला. पडद्यावर पाद्री हातवारे करत राहिला. मी जाळीतून म्हटलं, "अहो, काय करताय?"

"दार लावणं माझं काम. उघडणंही माझंच," ते म्हणाले.

त्या तरुण माणसाने पुढची अकरा मिनिटं मन लावून, डोळे मिटून, कुणालाही न ऐकू येणारं प्रवचन दिलं. गंमत अशी की शेवटी मंडळींनी एकेक करून सांगितलं, आजचं फार छान झालं. छत मात्र थोडं हललं. कुणीतरी टेबलाला धरून हसत असावं.

आणि ऑगस्टमध्ये पाद्रीने ती बातमी सांगितली. वरच्या मंडळाने ठरवलं होतं की सहापैकी काही चर्चं बंद करायची. माणसं नाहीत, छपरं गळतात. आमच्या चर्चचंही नाव यादीत होतं. (आमच्या, असं मी तेव्हापासून म्हणायला लागले.) मंडळाच्या एक बाई पुढच्या महिन्यात एका रविवारी कॉलवर येऊन बघणार होत्या, किती लोक येतात, काय चालतं.

मालक त्या आठवड्यात टायशिवाय कचरा टाकायला गेले. सासूबाईंनी ते खिडकीतून पाहिलं.

"किती माणसं येतात तिथं?" त्यांनी मला विचारलं.

"बारा घरं. कधी नऊ."

"एवढंच ना." त्यांनी फोन उचलला.

सासूबाईंचं पुण्यात भजनी मंडळ होतं. साथीत तेही फोनवर आलेलं. शिवाय इथे अडकलेल्या सासवांचा एक ग्रुप होता, गिरावीनपासून क्वेकर्स हिलपर्यंत पसरलेला, सगळ्या सुनांच्या घरात बंद, सगळ्यांना संध्याकाळी काय करावं हा प्रश्न. तीन दिवसांत त्यांनी माणसं जमवली. मालकांनी हे ऐकलं तेव्हा खिशातून गोळ्यांची पुडी काढली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "हे बरोबर आहे का?"

"विचार त्यांना, ती बाई मोजायला येणार की निवडायला?" आईंनी मला सांगितलं. मी सांगितलं. मालकांनी गोळी तोंडात टाकली. तो होकार होता.

तालमी झाल्या. त्यांच्याकडे जुनी पद्धत अशी, की एकाने स्तोत्राची ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून. सासूबाई म्हणाल्या, यात शिकायचं काय, आमचं तेच आहे. फक्त टाळ वाजवू का, असं एकीने विचारलं. मालकांनी नको म्हटलं, मग दोन दिवसांनी म्हणाले, हळू वाजवला तर चालेल.

तो रविवार आला. मंडळाच्या बाई आल्या, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि चष्मा पुसला. मालकांनी शाळेच्या बाजूला कोथरूड आणि नदीच्या बाजूला गिरावीन बसवलं होतं. एक्कावन्न चौकोन. मधूनमधून विखुरलेली गावाची मूळ माणसं शेजारच्यांना भांबावून नमस्कार करत होती. शालीवरून भांडण झालेल्या बाईंच्या एका बाजूला सहकारनगरच्या कुलकर्णी काकू होत्या, आणि त्या दोघी खुणांनी एकमेकींच्या स्वेटरची चौकशी करत होत्या. स्तोत्र झालं. कॉलवर आवाज मागे-पुढे पोचतात, त्यामुळे ओळ पुण्यात संपायची तेव्हा स्कॉटलंडमध्ये सुरू व्हायची. टाळ कुणाच्याच तालात नव्हता. तरी ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, हे मी आता कबूल करते.

प्रार्थना संपली. बाईंनी घसा साफ केला. "फार आनंद झाला," त्या म्हणाल्या. "मला एकच विचारायचं आहे. हे सगळे या गावच्या हद्दीत राहतात का?"

पाद्री स्वतःच्या बाळाकडे बघायला लागला. मालक उठून उभे राहिले, त्यामुळे पडद्यावर फक्त त्यांचा टाय दिसत होता.

"नाही," टाय म्हणाला. "मी लबाडी केली. ही माझी माणसं आहेत."

"तुमची म्हणजे?"

"माझ्या भाडेकरूच्या सासूबाईंची."

आईंनी जाळीतून मला विचारलं, काय झालं म्हणून. मी सांगितलं. त्या शाल सावरत दार सरकवून बाहेर आल्या, दीड मीटर सोडून उभ्या राहिल्या आणि लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "बाई, देवाच्या दारात आलेल्याला पत्ता विचारत नाहीत. सांग गं त्यांना."

मी सांगितलं. शक्य तितकं मवाळ करून. बाईंनी ते लिहून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळे प्रेमाने आले. पण दार कोण उघडणार? पाणी गळलं तर छपरावर कोण चढणार? कित्येक वर्षांत तिथली घंटा वाजलेली नाही. ती कोण वाजवणार? ते सिडनीहून करता येत नाही."

मालक हळूच खाली बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात छत बोललं.

"त्याला विचारा," छत म्हणालं, "माझ्या मानेचं काय झालं ते."

मालकांनी पहिल्यांदा त्या चौकोनाकडे बघितलं.

"तो म्हणतो तो विसरला," छत पुढे म्हणालं. आवाज म्हाताऱ्याचा, पण तक्रार सहा वर्षांच्या मुलाची. "तो विसरला नव्हता. तो आत पुढच्या बाकावर बसून गात होता, मला खिडकीतून ऐकू येत होतं. पूर्ण प्रार्थना मी कड्यात उभा होतो. सगळं गाव बाहेर आलं तेव्हाही. आणि मग मोठा झाल्यावर त्याने परत तेच केलं. सकाळी उठलो तर त्याची खाट रिकामी. बाबा, मेंढ्या, घर, सगळं माझ्या गळ्यात."

पॅटिओवर मालकांच्या नाकातून वाफ येत होती. मला वाटलं, आता हे कॉल बंद करून उठून जाणार, कुत्र्यांना न कळवता. ते बसून राहिले.

"तू झोपला होतास," ते म्हणाले.

"नव्हतो."

सासूबाईंनी मला विचारलंही नाही की काय चाललंय.

"चूक झाली," मालक म्हणाले. "दोन्ही वेळा."

छतावर हालचाल झाली. फोन उचलला गेला, तुळई गेली, आणि एक चेहरा आला. तेच कान. पडद्यावर पन्नास जणांनी एकदम पुढे वाकून ते कान बघितले.

"घंटा मी वाजवीन," भाऊ त्या बाईंना म्हणाले. "दारही उघडीन. पण दोरी कशी ओढायची ते बाबांनी याला शिकवलं, मला नाही. चुकीची वाजवण्यापेक्षा न वाजलेली बरी. त्याने येऊन दाखवावं."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी पाद्रीने सांगितलं की चर्चला दोन वर्षांची मुदत मिळाली आहे, मग पुन्हा बघू. पुन्हा बघितलं तेव्हाही ते चालूच राहिलं, आणि अजून चालू आहे.

बॉर्डर उघडल्या, तरी मालक लगेच निघाले नाहीत. पासपोर्ट जुना, लसीचे कागद, विमानाची भीती. सासूबाईंची विमानं सुरू झाली होती, त्याही निघाल्या नाहीत. "रविवारचं अर्धवट टाकून कशी जाऊ," म्हणाल्या. त्यांनी त्या धाकट्या भावासाठी जांभळी लोकरीची कानटोपी विणली, मालकांच्या डोक्याच्या मापाने, कानांना जागा ठेवून. शेवटी ईस्टरनंतर आम्ही मालकांना विमानतळावर सोडलं. तीन आठवड्यांसाठी गेले. मग तीन महिने म्हणाले. ते परत आलेच नाहीत. घराच्या किल्ल्या एजंटकडे गेल्या आणि आम्ही पुढच्या वर्षी गिरावीनला घर घेतलं.

पण मला ते तिथे पोचल्यानंतरचा पहिला रविवार सांगायचा आहे. आठ वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. गिरावीन, कोथरूड, सगळ्या हजर होत्या. पाद्रीने लॅपटॉप उचलून चर्चच्या बाहेर नेला. हिरवंगार गवत, तिरकी थडगी, भुरभुर पाऊस. दगडी भिंतीवरून दोरी खाली आलेली. तिच्याजवळ दोघं भाऊ, सारखेच उंच, एकाच्या डोक्यावर जांभळी कानटोपी.

ते भांडत होते. शब्द कळत नव्हते, पण हात दिसत होते. मालक दाखवत होते, असं धरायचं. भाऊ मान हलवत होता. मग मालकांनी दोरी धरून ओढली. काही झालं नाही. ते परत लोंबकळले. दोरी हलली नाही. एवढ्या वर्षांत ताकद गेली होती. भाऊ थोडा वेळ बघत राहिला, मग त्याने मागून येऊन त्यांच्या हातांच्या वर आपले हात धरले, आणि दोघांनी मिळून ओढलं. दोरी खाली आली, वर गेली. खाली, वर. दोघांना लय सापडली.

आमच्याकडे काहीच ऐकू आलं नाही.

मला लगेच कळलं. कॉलमध्ये नको असलेले आवाज गाळायची सोय असते. वारा, पंखा, कुत्रं. त्या प्रोग्रॅमला घंटा म्हणजे गोंगाट वाटला होता. मी माइक चालू करून पाद्रीला सांगायला लागले, "सेटिंगमध्ये जा, ऑडिओ, तिसरा पर्याय." पण त्याने लॅपटॉप एका थडग्यावर ठेवला होता आणि तो लांब उभा राहून वर बघत होता. त्याला माझं ऐकू जात नव्हतं. मी चॅटमध्ये लिहिलं. नवऱ्याने त्याला फोन लावला. उचलेना. तिकडे दोघं म्हातारे पावसात दोरी ओढतायत, तोंडं उघडी, कानटोपी डोळ्यांवर आलेली, आणि आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर.

"आई, थांबा हं, मी करते काहीतरी," मी म्हटलं. "आवाजच येत नाहीये."

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. "आपल्याला येत नाहीये," त्या म्हणाल्या. "गावाला येतोय ना?"

मी बघितलं. चर्चच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर, एक बाई रबरी बूट घालून उभी होती. तिच्या हातात बादली होती. ती वर बघत होती. मग तिच्या मागून एक माणूस आला, शर्टाची बटणं लावत. खालच्या घराचं दार उघडलं आणि एक आजी वॉकर ढकलत बाहेर आली. ह्यांतलं कुणी आमच्या चौकोनांत कधीच नव्हतं. बाईने बादली खाली ठेवली, फाटक ढकललं आणि गवतातून आत यायला लागली.

मी माउसवरचा हात काढला आणि बघत बसले.